वीतभर उंचीवरची लाल रेघ

"माणूस ज्या दिवशी दोन पायांवर उभा राहिला, त्या दिवशी संस्कृती जन्माला आली. आणि ज्या दिवशी तो आपल्या बाजारात आडवा झाला, त्या दिवशी ती धोक्यात आली!"

गाळेधारक संघाचे अध्यक्ष एवढं बोलून टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या आल्या नाहीत. पाववाल्या काकू मात्र पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, तुम्ही उभे आहात ते खोकं माझं आहे. आत अंडी आहेत."

अध्यक्ष संस्कृतीसह खाली उतरले आणि उरलेलं भाषण त्यांनी जमिनीवरून केलं. त्याचा सारांश असा होता की, बाजाराच्या छपराखालच्या लांबलचक बोळात महिन्यापूर्वी नवी राखाडी फरशी बसवली, आणि तेव्हापासून पाच माणसं धडपडली. म्हणजे फरशी वाकडी आहे. म्हणजे फरशी बसवणारा मिस्त्री वाकडा आहे. त्याने ती शनिवारी सकाळी स्वतःच्या हाताने उखडावी. त्यानंतर, 'या माणसाला काम देऊ नये' असं पत्र संघ गावभर पाठवेल.

मिस्त्री समोरच उभा होता. तो फक्त "बरं" म्हणाला.

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या ओळंबाला ते 'बरं' खटकलं. मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. चहात साखर कमी पडली तरी ते त्यावर दहा मिनिटं वाद घालू शकत. असा माणूस नुसतं 'बरं' म्हणतो, म्हणजे प्रकरण भाषणापेक्षा गंभीर होतं. गुरुवार होता. मध्ये एकच दिवस उरला होता.

ओळंबा हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला मिस्त्री लोक दोरीला टोकदार वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. ही मुलगी कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायची आणि मगच बसायची, म्हणून बाबांनीच तिला ते नाव दिलं होतं. आता ती बारा वर्षांची होती आणि कॅलेंडरं अजून वाकडीच लागत होती.

घरी आल्यावर बाबांनी लेव्हलची पट्टी काढली. या पट्टीच्या मधल्या काचेतल्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा असतो. तो मधोमध आला की काम सपाट. बाबांनी पट्टी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, जेवणाच्या टेबलावर ठेवली, खिडकीवर ठेवली. मग एक डोळा झाकून तिच्याकडे पाहिलं. मग दुसरा झाकून पाहिलं.

"अहो, पट्टीला काय झालंय?" आईने विचारलं.

"पट्टीला काही नाही. पाच माणसं उगाच पडत नाहीत. माझाच डोळा गेला असेल."

आईने यावर पुष्कळ ऐकवलं. एकवीस वर्षांत बांधलेल्या जिन्यांची नावं घेतली, त्यांवरून अजून कोण कोण सुखरूप चढतंय तेही सांगितलं. बाबा ऐकत होते, पण बघत होते स्वतःच्या हातांकडे. ओळंबाला ते बघवेना. काम जाईल याची भीती होतीच. पण बाबा स्वतःवरच संशय घेऊ लागले, याची तिला जास्त भीती वाटली.

ती उठली आणि सैन्य गोळा करायला गेली. सैन्यात दोघे जण होते. एक तिचा मावसभाऊ दुर्बीण, सुट्टीसाठी आलेला. त्याचा चष्मा जाड होता आणि संशय त्याहून जाड. सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने दूधवाला, शेजारचे निवृत्त मास्तर आणि एक मांजर अशा तिघांवर पाळत ठेवून तिघांनाही निर्दोष सोडलं होतं. दुसरी टाचणी, बाजारातल्या शिंपीणकाकूंची मुलगी. ती नऊ वर्षांची आणि अंगाने किरकोळ होती. बोलणं मात्र नावाला जागणारं.

शिंपीणकाकू पडलेल्या पाचांपैकी शेवटच्या. मुलं दुकानात गेली तेव्हा त्या यंत्रापाशी बसून पायाला मलम लावत होत्या. टाचणीने पाहुण्यांना आईचा पाय एखादं नवं पाखरू दाखवावं तसा दाखवला. ओळंबा खाली वाकली. घोट्याच्या वर, नडगीवर, एक बारीक लाल रेघ होती, पट्टी धरून ओढल्यासारखी.

"काकू, हे फरशीने झालं?"

"नाहीतर काय, आभाळाने?"

ओळंबाने आपली वीत मांडून पाहिली. जमिनीपासून बरोबर एक वीत. फरशीचा कोपरा वर आला असता तर बोट ठेचलं असतं, गुडघा फुटला असता. पण जमिनीला चिकटलेली फरशी वीतभर वर येऊन नडगीवर रेघ कशी मारेल?

संघाची तक्रारवही घड्याळवाल्या आजोबांकडे असायची. आजोबांना डोळ्यावरचं भिंग काढायचा कंटाळा होता, म्हणून त्यांनी मुलांना वही स्वतःच वाचा म्हणून सांगितलं. दुर्बिणीने नोंदी उतरवून घेतल्या. पाच माणसं, पाच वेगळ्या जागा. एक पडला चावीवाल्यासमोर, एक पाववाल्या काकूंसमोर, टपालवाल्या ताई तर पार बस थांब्याच्या टोकाला. पण वेळ प्रत्येकाची नऊ ते सव्वानऊ, आणि पाचही नोंदींखाली 'प्रत्यक्ष पाहणारे' या रकान्यात एकच सही होती. अध्यक्षांची.

"कळलं," दुर्बीण म्हणाला. "ते ढकलतात."

"कशाला ढकलतील?" टाचणीने विचारलं.

"ते अजून कळलं नाही."

आजोबांनी भिंगाआडूनच माहिती पुरवली. अध्यक्ष रोज सकाळी कुत्र्याला घेऊन बाजारातून फेरी मारतात. पहिला माणूस पडल्यापासून तर ते फरशीची रीतसर तपासणीच करतात. मध्ये आठवडाभर सर्दीने घरी होते.

ओळंबाने वहीची पानं पुन्हा चाळली. त्या आठवड्यात कुणीही पडलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला तिघंही शिंपीणकाकूंच्या दुकानात, टांगलेल्या पँटींच्या रांगेमागे उभी राहिली. नऊला बस आली आणि बोळ भरून गेला. डबे, पिशव्या, छत्र्या, कडेवरची पोरं. जो तो दुसऱ्या टोकाच्या कचेऱ्यांकडे निघालेला. अध्यक्ष आले. पांढरी शुभ्र पँट, डाव्या हातात वही, उजव्या हातात एक निळी प्लॅस्टिकची डबी. डबीला मूठ होती आणि तिच्यातून बाहेर पडलेली दोरी मेजरच्या गळपट्ट्याला जोडलेली होती. मेजर म्हणजे अध्यक्षांचा कुत्रा. पाय आखूड, धड लांब. चालताना त्याचं पोट फरशीची तपासणी अध्यक्षांपेक्षा जवळून करत असे.

अध्यक्ष चावीवाल्याच्या बाजूला थांबले, उजवा हात पाठीमागे घेतला, फरशीवर उकिडवे बसले आणि वहीतल्या नोंदी ताडून पाहू लागले. मेजरला समोरच्या बाजूने पावाचा वास आला. तो निघाला, बोळ ओलांडून थेट पाववाल्या काकूंच्या दाराशी पोचला. डबीतून दोरी सुटत गेली, सुटतच गेली. राखाडी, मासे धरायच्या गळाच्या दोऱ्याइतकी बारीक दोरी, राखाडी फरशीवर. पँटींमागून तर ती दिसेचना. बोळाच्या या बाजूला एक माणूस, त्या बाजूला एक कुत्रा, एवढंच दिसत होतं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तेवढ्यात डबा घेतलेला एक कारकून त्या दोघांच्या मधून गेला आणि हवेत अडखळला. चावीवाल्याचा खांब हाताला लागला म्हणून वाचला. डबा मात्र गडगडत गेला. दचकलेला मेजर उलट पावली मालकाकडे धावला आणि खर्रर्र असा आवाज झाला.

तो आवाज ओळंबाच्या ओळखीचा होता. बाबांच्या सुताच्या डबीचा आवाज. जमिनीवर सरळ रेघ मारायची तर मिस्त्री गेरूची पूड लावलेलं सूत ताणतात, बोटाने उचलून सोडतात; लाल रेघ उमटते. काम झालं की सूत आपोआप डबीत गुंडाळलं जातं. खर्रर्र.

"दोरी आहे," ती कुजबुजली. "आडवी ताणलेली दोरी. माणूस पडला की कुत्रा पळतो, आणि दोरी डबीत जाऊन बसते. आरोपीच खिशात."

दुर्बीण तेवढं ऐकायला थांबलाच नव्हता. मेजर पुन्हा निघाला होता आणि दुर्बिणीने पुरावा हाताने पकडायचं ठरवलं. त्याने धावत जाऊन चालती दोरी मुठीत धरली. पुढच्याच क्षणी तो तोंडातून आवाज न काढता, पण डोळ्यांतून पाणी काढत परत आला. तळहातावर लाल रेघ होती. शिंपीणकाकूंच्या नडगीवरच्या रेघेची सख्खी बहीण.

थंड पाण्याखाली हात धरून झाल्यावर तिघं अध्यक्षांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कारण लहान मुलांचं ऐकून घ्यावं असं ते भाषणांत सांगत. मग डबी दाखवली. दोरी आत होती, मेजर पायाशी बसलेला होता आणि दोघांच्या मध्ये टीचभर अंतर होतं. "एवढ्याशा दोरीला पाच माणसं अडकली? गेल्याच महिन्यात भाच्याने वाढदिवसाला दिलेली वस्तू आहे ही, बाळांनो. आधुनिक आहे." सोबत आलेलं माहितीपत्रक वाचलं का, असं टाचणीने विचारलं. त्यावर अध्यक्ष म्हणाले की आपण पत्रकं काढतो, वाचत नाही.

बाबांकडे जावं तर तिथे वेगळाच अडथळा. त्यांनी घणाच्या दांड्याला फडकं गुंडाळता गुंडाळता सगळं ऐकलं आणि मान हलवली. "माझं बिघडलेलं काम मी दुसऱ्याच्या कुत्र्यावर ढकलू? तू पाहिलीस का दोरी, डोळ्यांनी?"

ओळंबाला खोटं बोलता आलं असतं. "पँटींमागून दिसत नाही, बाबा. तेच तर आहे ना."

"मग राहू दे," ते म्हणाले आणि छिन्नीला धार लावायला बसले.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दिसत नसलेली गोष्ट दाखवायची कशी? छिन्नीचा आवाज ऐकत ती सुताच्या डबीकडे बघत बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की बाबांच्या धंद्यात हे रोजच करतात. दोरीला गेरू लावतात.

शनिवारी साडेआठला दुर्बिणीने, शहाणपण आलेल्या हाताला जाड फडकं गुंडाळून, त्या फडक्यात गेरूची पूड भरली. टाचणीने अध्यक्षांना फरशीविषयी प्रश्न विचारायचे, मेजर लांब गेला की दुर्बिणीने दोरी फडक्यातून सरकू द्यायची, असं ठरलं. पुढचा भाग ओळंबाला आवडत नव्हता. दोरी लाल झाली तरी कुणाच्या तरी पायावर रेघ उमटल्याशिवाय मोठी माणसं मानणार नव्हती. आणि रेघ उमटायला कुणीतरी अडखळायला हवं होतं.

"मी चालेन," टाचणी म्हणाली. तिने शाळेची पांढरी पँट मुद्दाम घातली होती. "हळूच चालेन. मला माहीत असेल ना, मग कशी पडेन?"

ते बरोबर होतं, तरी ओळंबाने तिला दोनदा हळू चालून दाखवायला लावलं.

गेरूचं काम छान झालं. अध्यक्ष टाचणीला फरशीचा इतिहास सांगत होते, तो ऐकताना तिने सात वेळा "मग?" विचारलं. पण नंतरचं काहीच ठरल्याप्रमाणे झालं नाही. नऊ वाजले, बस आली, बोळ भरला आणि बाबा घण, छिन्नी घेऊन आले. बोळाच्या मधोमध दोन लाकडी ठोकळे ठेवून त्यांनी थोडी जागा अडवली, गुडघ्यांवर बसले आणि पाववाल्या काकूंच्या दुकानाकडे पाठ करून पहिली फरशी उचकटली. तिचा आवाज ओळंबाला दात उपटतानाच्या आवाजासारखा वाटला. अध्यक्ष देखरेखीला आले. उकिडवे बसले, मूठ पाठीमागे. मेजर पावाकडे.

आणि बस थांब्याकडून काचवाले आले. नवरा-बायको, दोघांच्या मध्ये दाराएवढी काच, घड्याळवाल्या आजोबांच्या दुकानासाठी. नवरा पुढे, उलटा चालत होता. बायको मागून "सरळ, सरळ, जरा डावीकडे" असं सांगत होती. दोघांची नजर काचेवर. पायांकडे बघायला त्यांना सवड नव्हती, आणि असती तरी काचेच्या कडेवरून खालचं काही दिसलं नसतं.

ओळंबाने दोरी पाहिली. आज ती लाल होती, फरशीपासून वीतभर वर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ताणलेली. दोरीच्या अलीकडे काचवाल्याच्या उलट्या टाचा. दोरीच्या पलीकडे, दोन हात अंतरावर, गुडघ्यांवर वाकलेले बाबा. त्यांची पाठ, त्यांची मान.

ती "थांबा" म्हणून ओरडली. पण बस सुटायच्या वेळेला त्या बाजारात निम्मी माणसं "थांबा" म्हणूनच ओरडत असतात. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"अध्यक्षकाका, बटण दाबा! डबीचं बटण! दोरी सैल पडू दे!"

"कुठलं बटण?" अध्यक्षांनी विचारलं. महिनाभरात त्यांना डबीवर बटण आहे हे कळलंच नव्हतं. ते उठले आणि डबी डोळ्यांसमोर धरून शोधू लागले. दोरी आणखी वर उचलली गेली.

दोरी धरायची नाही. दुर्बिणीचा रेघ उमटलेला तळहात तिला आठवला. दोरी दोन टोकांमध्ये आहे आणि एका टोकाला बटण सापडत नाही. मग दुसरं टोक.

ती पळाली. मेजर एका पावावर विचार करत होता. तिने त्याचा गळपट्टा ओढला, तो जागचा हलेना. मग तिने त्याला दोन्ही हातांनी उचललं. एवढ्या बुटक्या कुत्र्यात एवढं वजन कुठे मावलं होतं कोण जाणे. त्याला छातीशी धरून ती काचवाल्याच्या पाठीमागून, बाबांच्या शेजारून, बोळ ओलांडून अध्यक्षांकडे धावली. खर्रर्र. तिच्या पुढे पुढे दोरी डबीत जात होती. काचवाल्याची टाच, दोरी जिथे होती तिथेच पडली. मग दुसरी टाच. दोघं बाबांना वळसा घालून, सरळ, जरा डावीकडे, करत निघून गेली. आपल्याला काय होणार होतं हे त्यांना पुढेही कधी कळलं नाही.

बाबांनी मात्र मान वर केली होती. त्यांनी काच पाहिली, मुलगी पाहिली आणि तिच्या बाहीवर उमटलेला गेरू पाहिला. त्यांच्या हातातली छिन्नी खाली आली.

ओळंबाने मेजरला खाली ठेवलं. पाव हातचा गेल्यामुळे मेजर संतापलेला होता. त्याने मालकाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. अध्यक्ष म्हणत होते, "मुली, हा काय प्रकार..." आणि तो काय प्रकार हे नीट विचारण्यासाठी त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. पाऊल पुढे गेलं नाही. अध्यक्ष अतिशय सावकाश, काहीतरी मुद्दा आठवल्यासारखे, फरशीवर बसले.

अध्यक्ष ठोकळ्यांच्या बाहेर, अगदी सपाट फरशीवर बसलेले होते. बाबा उठले, लेव्हलची पट्टी आणली आणि त्यांच्या शेजारी ठेवली. बुडबुडा मधोमध आला. मग ओळंबाने अध्यक्षांच्या पांढऱ्या पँटीकडे बोट दाखवलं. दोन्ही पायांवर, टाचेपासून वीतभर उंचीवर, गेरूच्या दोन सुबक लाल रेघा होत्या. शिंपीणकाकूंनी दुकानाच्या दारात उभं राहून स्वतःचा पाय पाहिला. टपालवाल्या ताई टपाल वाटायचं सोडून पुढे आल्या आणि त्यांनीही पाहिला. घड्याळवाल्या आजोबांनी चार वर्षांत पहिल्यांदा भिंग काढलं.

"प्रत्यक्ष पाहणारे म्हणून कुणाची सही घेऊ?" त्यांनी वही उघडत विचारलं. "आज पुष्कळ जण आहेत."

अध्यक्षांविषयी एक गोष्ट मान्य करायला हवी. ते पडले, पण तिथेच पडून राहिले नाहीत. टाचणीने त्यांना डबीवरचं बटण शोधून दिलं आणि गर्दीत शिरण्याआधी ते दाबून दोरी हातभरच ठेवायची, कुत्रा आपल्याच बाजूला चालवायचा, चालती दोरी हाताने पकडायची नाही, आणि खरं तर बाजारासाठी घरातला साधा आखूड पट्टाच बरा, हे सगळं पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं शिकवलं. मोकळ्या मैदानात सोडा हवी तेवढी लांब, असंही तिने उदारपणे सांगितलं. अध्यक्षांनी सगळं वहीत लिहून घेतलं. मग ते बाबांसमोर उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण केलं.

"मिस्त्री, चुकलो. फरशी सरळ आहे. तुमचा डोळाही."

बाबा उचकटलेल्या जागी बसले आणि थापीने सिमेंट पसरून फरशी परत बसवायला लागले. पण अध्यक्षांना एवढ्यावर थांबवेना. गावभर पत्र जाईलच, ते म्हणाले, पण ते या मिस्त्रीला काम द्यावं म्हणून. पाववाल्या काकूंनी मुलांना गरम पाव दिले. टपालवाल्या ताईंनी ओळंबाच्या पाठीवर थोपटून तिचा गाल ओढला. दुर्बिणीने आपला तळहात मागेल त्याला दाखवला, न मागेल त्यालाही दाखवला. अध्यक्षांनी ओळंबाच्या खांद्यावर हात ठेवला, तिला बोळाच्या मधोमध आणून उभं केलं आणि सांगायला सुरुवात केली की साहस म्हणजे काय, बुद्धी म्हणजे काय, आणि ही दोन्ही एका बारा वर्षांच्या मुलीत एकत्र आली की काय घडतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी खऱ्या.

ओळंबा बाबांकडे बघत होती. ते गुडघ्यांवर बसल्या बसल्याच वर पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, ओठ हलत होते. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. ते बघून लोक गप्प झाले, अध्यक्षसुद्धा. एवढ्या वर्षांत बाबा तिला कधी काही मोठं बोलले नव्हते. ती एक पाऊल त्यांच्याकडे सरकली.

"बाळा," बाबा म्हणाले, "जरा पाय उचल. ती फरशी अजून ओली आहे."